वेचणीचा काटा

मला कावीळ झाली नसती तर यातलं काहीच मी पाहिलं नसतं. घरातल्या लग्नकार्यात जेवणं उरकली की 'वैशू, तो किस्सा सांग गं' अशी फर्माईश होते आणि मी पदर खोचून बसते. बाबांनी रेडिओ उघडून परत बसवला तेव्हा चार स्क्रू उरले तो किस्सा, मोठी आई एसटीत दुसऱ्याचीच पिशवी घेऊन उतरली तो किस्सा. हा मात्र मी कधी सांगितलेला नाही. ऐकणाऱ्यांत निम्मे आबांचे नातू असतात, आणि वाढपी तर सगळेच त्यांचे. तेव्हा तो इथे लिहून ठेवते. वाचतंय कोण म्हणा.

तर कावीळ. मी सातवीत होते, आणि हळदीच्या कार्यक्रमातून पळून आलेल्या नवरीसारखी दिसत होते. डॉक्टरांनी तेल आणि तिखट दोन्ही बंद केलं. आमच्याकडे तेल आणि तिखट बंद म्हणजे जेवण बंदच. घरात शेवभाजी व्हायची, तिची लाल तर्री परातीच्या कडेला लागलेली मला दिसायची आणि माझ्यासमोर ताकभात यायचा. माय, म्हणजे आमची आजी, तिला घरातले सगळे मायच म्हणत, तिने एकदा दया येऊन मला भाकरीच्या घडीत ठेचा लपवून दिला, आणि आईने तो वासावर पकडला. अंगात ताकद येईपर्यंत शाळा नाही असं ठरलं, आणि घरी ठेवलं तर माय आणि मी मिळून माझं लिव्हर संपवू हेही आईच्या लक्षात आलं. म्हणून ती मला रोज स्वतःबरोबर शाळेत नेऊ लागली. उसाच्या रसाची बाटली आणि फुटाण्याची पुडी घेऊन मी तिच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायची.

आईची शाळा आमच्या गावाच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला लागून असलेल्या एका पाड्यावर होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, दाराशी निंबाचं झाड. पोरं घरी पावरी बोलायची. मराठी त्यांना शाळेत आल्यावर भेटायची, तीही पुस्तकातली, इस्त्री केल्यासारखी. आई खांडबाऱ्याकडची, तिचे वडील रेल्वेत फाटकवाले. तिला चार भाषा अर्ध्या-अर्ध्या येत, आणि कुठल्याच भाषेवर तिचा फारसा विश्वास नव्हता. 'बोलून नाही कळत,' ती म्हणायची, 'हातात द्यावं लागतं.' त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या शाळेत जाणार हे ठरलेलंच होतं. चिंच खाल्ली की चिंचोके धुऊन तिच्या डब्यात टाकायचे. फुटक्या बांगड्या मोजणीला, ज्वारीची धाटं दहा-दहाच्या मोळ्या बांधून दशकाला, काडेपेट्यांची आगगाडी बेरजेला. केळीचं खोड आडवं कापून रंगात बुडवलं की ठसे छान उठतात, त्यामुळे केळीच्या बागेतही तिची ये-जा असे. अक्षरांची कार्डं ती जुन्या लग्नपत्रिकांची करायची. एका बाजूला 'क', पाठीमागे 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. वर्षाच्या शेवटी पहिलीच्या पोरांना बाराखडी यायची आणि तालुक्यात कुणाचं लग्न कुणाशी झालं हेही पाठ असायचं.

मायला हे पटत नसे असं नाही, पण तिची भांडी कमी होत. 'मन्हं सूप कथा गयं?' ती सकाळी विचारायची. आई शाळेची पिशवी भरत असायची. 'शाळा खाई गई का? घरमा आते मीच ऱ्हायनू. माले बी लई जा शाळामा.' यावर आई एकदा म्हणाली की आजी या विषयावर पाठ आहेच, या की. माय खरंच लुगडं बदलून तयार होऊन बसली, आणि मग पूर्ण दिवस पाड्यावरच्या पोरांना तिने गोष्टी सांगितल्या, अहिराणीत. पोरांना किती कळलं माहीत नाही. हसली मात्र भरपूर.

आता आई रिटायर होऊन नंदुरबारला माझ्याकडे असते. नव्या शिक्षिका मोबाइल घेऊन येतात, 'मॅडम, काहीतरी आयडिया द्या ना, कमी खर्चाची', आणि आई टेबलावर सगळं मांडून बसते. मी मोबाइल धरते, माझा हात हलतो, त्या ओरडतात. वजनमापाचं विचारलं की ती सांगते, ताणकाटा वापरा, खरा वापरा, पोरांना लटकवू द्या. मग म्हणते, 'पण काटा कुणाच्या घरचा आहे ते आधी बघा.' त्या मुलींना तो विनोद वाटतो. त्या हसतात, आणि व्हिडिओतून तेवढं कापतात.

आबा हे बाबांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई त्यांची बायको. शेती ते बघायचे. बाबा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात पाळीवर जायचे, आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच मत असे, 'बघू'. त्यामुळे घर चालायचं ते आबांवर. मोठा आवाज, मोठ्या मिशा, आणि माझ्यावर मोठी माया. बाजारातून येताना माझ्यासाठी जिलबी आणणार, आणि ती मला एकटीला मिळावी म्हणून 'वैशू, बैलाले पानी दाखाडं का?' असं खोटंच ओरडून मला गोठ्यात बोलावणार. कावीळ झाल्यावर जिलबी बंद झाली, तर ते स्वतःच दोन आठवडे जिलबी खाईनात. असा माणूस.

आमच्याकडची रीत अशी की सुनेने जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलायचं नाही. पदर डोक्यावर घ्यायचा आणि जे सांगायचं ते पोरांमार्फत. आई दिवसभर चार वर्गांना एकटीने ओरडून शिकवायची, तालुक्याच्या बैठकीत साहेबांना उलट प्रश्न विचारायची, आणि घरी आली की आबांच्या बाबतीत मुकी. 'वैशू, आबांना सांग, चहा ठेवलाय.' आबा दोन हातांवर. 'वैशू, तुन्ही मायले सांग, साखर जास्ती नको.' 'तुन्ही माय' म्हणजे माझी आई, आजी नव्हे. मी मधे उभी. दोघांनाही दोघांचं ऐकू आलेलं असायचं, तरी मी सगळं पुन्हा म्हणायची. मला त्यात आपण फार महत्त्वाच्या आहोत असं वाटे. कधीकधी मी पदरचं घालून सांगायची, 'आई म्हणते साखर महाग झाली', आणि आई पदराआडून डोळे वटारायची.

त्या वर्षी कापूस चांगला फुटला होता. वेचणीला बाया मिळत नव्हत्या, सगळ्या गावाची तीच ओरड. आमच्याकडे मात्र सकाळी ट्रॅक्टर वर पाड्यावर जायचा आणि ट्रॉली भरून बाया आणायचा, कारण पाडा आईच्या शाळेचा होता. बाईंच्या घरची वेचणी म्हटलं की बाया दुसरीकडे जात नसत. पालकसभेत आईने कधी तसं सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. आबा याचा फार अभिमान बाळगत. पारावर म्हणायचे, आमच्या घरात बाई आहे, आम्हाला बाया शोधायला लागत नाहीत. संध्याकाळी बांधावर गाठोडी ओळीने लागायची. बाभळीच्या फांदीला काटा टांगलेला, लोखंडी, निळी दोरी बांधलेला. आबा गाठोडं लटकवायचे, काटा वाचायचे, आकडा मोठ्याने म्हणायचे. गाठोड्याची बाई मान हलवायची आणि पुढची यायची. कापसाचा मऊ, गरम, धुळीचा असा एक वेगळाच वास असलेलं ते सगळं, आणि मी बांधावर फुटाणे खात बसलेली. मला ते दृश्य फार आवडायचं.

चौथीला वजनमाप आलं. आईने आधी हँगरला दोन करवंट्या बांधून तराजू केला, पोरांनी त्यात चिंचोके विरुद्ध खडू असा सामना रंगवला. पण किलो म्हणजे काय हे करवंटीत कळत नव्हतं. बाजाराच्या दिवशी वेचणी नसायची, काटा रिकामा असायचा. आदल्या संध्याकाळी आई मला म्हणाली, 'वैशू, आबांना विचार, उद्या शाळेला काटा मिळेल का.' मी विचारलं. आबा खाटेवर पडले होते, ते उठून बसले. 'शाळाकरता? ली जाय ना. पोरेस्ले वजन ते शिकाडालेच जोयजे.' आणि स्वतः उठून, काटा फडक्याने पुसून, गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिला. वर बजावलं, आदळू नको. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांना त्यात काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी निंबाच्या फांदीला काटा टांगला आणि पोरं वेडी झाली. वीट लटकवली, पाण्याची कळशी लटकवली, माझं दप्तर लटकवलं, एका पोराने शेळीचं करडू आणलं आणि करडाने काट्यावरच आपला कार्यभाग उरकला. आधी अंदाज सांगायचा, मग बघायचं, अशी आईची पद्धत. अंदाज चुकला की सगळे हसायचे. रमिला नावाची मुलगी होती चौथीत. बारीक, मोठ्या डोळ्यांची, तिचे अंदाज जवळ यायचे पण दरवेळी थोडे जास्त. आई म्हणाली, 'रमिला, तुझा हात जड सांगतो.' रमिला लाजली.

मग आईने पिशवीतून मिठाचा पुडा काढला, बंद, वर छापलेलं एक किलो. सगळ्यांच्या हातात फिरवला. 'डोळे मिटून धरा. हा एक किलो. हे लक्षात ठेवलं की आयुष्यभर कुणी फसवणार नाही.' हे तिने खरंच म्हटलं. 'आता काटा काय सांगेल?' सगळे ओरडले, एक किलो. आईने पुडा लटकवला.

काटा एकावर गेला नाही. पाऊणच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

आईने पुडा हाताने हलवला, परत सोडला. तेच. मागून कुणीतरी म्हणालं, दुकानवाल्याने मीठ काढलं. पुडा बंद होता, तरी आईला तो धागा बरा वाटला असावा. तिने एका पोराला पाड्यावरच्या दुकानातून दुसरा पुडा आणायला पाठवलं. तोही तितकाच. मग दोन्ही एकत्र लटकवले, कारण शंका आली की दुप्पट करून बघायचं हेही तिनेच शिकवलेलं. दोन पुडे मिळून दीडच्या थोडे वर. एवढा वेळ पोरं गोंगाट करत होती. आता एकेक करून काट्याजवळ आली.

'बाई,' रमिला म्हणाली, तिच्या त्या जपून टाकलेल्या मराठीत, 'मीठवाला खोटा नाही. काटा खोटा आहे.'

आई म्हणाली, 'हो. काटा कमी सांगतो.'

'हा काटा आमच्या आईचा कापूस मोजतो. ही दोरी. मी सुट्टीला जाते तेव्हा बघते.' मग आईकडे बघून, 'तुमच्या घरचा आहे ना, बाई?'

मी व्हरांड्याच्या भिंतीला टेकून बसले होते ती उठून उभी राहिले होते, का ते माहीत नाही. मला वाटलं आई काहीतरी म्हणेल. स्प्रिंग जुनी झाली, गंजली, करडाने खराब केली. मी मनातल्या मनात तिला चार-पाच कारणं पुरवलीसुद्धा. आईने काटा फांदीवरून काढला, गोणपाटात गुंडाळला आणि म्हणाली, 'हो, आमच्या घरचा आहे.' त्या दिवशी पुढचा तास झाला नाही. पोरं लवकर घरी गेली, पळत नाही, चालत.

घरी येताना आई एकच वाक्य बोलली. 'वैशू, आबांना सांग,' म्हणाली, आणि थांबली. मी म्हटलं, काय सांगू. ती म्हणाली, 'काही नाही. राहू दे.'

रात्रीच्या जेवणाला फुनके आणि कढी होती. फुनके डाळीचे, वाफवलेले, म्हणून मलाही मिळणार होते, आणि मी त्याच आनंदात पाटावर बसले होते, खोटं कशाला सांगू. आबा, बाबा ओळीने बसलेले. माय वाढत होती. आई चुलीजवळून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आबांच्या ताटासमोर येऊन उभी राहिली. 'आबा,' ती म्हणाली, 'आपला काटा कमी दाखवतो. मी मिठाच्या पुड्याने तपासला.'

मायच्या हातातली पळी तशीच राहिली. आईने हे घरच्या बोलीत नाही, शाळेतल्या मराठीत म्हटलं. जेठाशी बोलायचे शब्द तिने अहिराणीत कधी वापरलेच नव्हते, ते तिच्याकडे नसावेत.

आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. 'वैशू, तुन्ही मायले सांग, तो येचनीना काटा शे. दुकानमा बी तोच मांगतस. बठ्ठा गावमा तोच शे.'

हे खरं होतं. 'वेचणीचा काटा' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला ते गव्हाची चाळण, तांदळाची चाळण, तसं वाटे. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन वेचणीचा मागितला की तो देतात, आणि कापूस विकायला नेताना दुसरा असतो, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते लपवायचं असतं हेही कुणाला माहीत नव्हतं. म्हणूनच तर आबांनी तो पुसून दिला.

मी आईकडे वळले आणि तोंड उघडलं. आई म्हणाली, 'वैशू, तू जेव.' मग आबांना, 'पोरांनी वर्गात पाहिलं. त्यांच्या आयांचा कापूस आहे तो.'

'तिले म्हना,' आबा म्हणाले, आता कुणाला उद्देशून तेही ठरेना, 'रेट बी त्याच हिशोबमा ठरेल शे. कोनी कोनले लुटी नहीं ऱ्हायनं.'

'मग रेट खरा सांगा, आणि काटाही खरा ठेवा.'

'मी चोर शे का?' आबांनी हे बाबांना विचारलं. बाबा कढीत बघत होते. ते म्हणाले, 'बघू.' आबांनी ताटात हात धुतले. फुनके तसेच होते. माय आईला म्हणाली, अगदी हळू, 'सकाय बाया नहीं उन्यात ते कापूस कोन येचई? तुन्हा चिंचोका येचतीन का?'

बाया आल्या नाहीत. सकाळी ट्रॅक्टर वर गेला आणि रिकाम्या ट्रॉलीचा जो खडखडाट असतो तो करत परत आला. भरलेली ट्रॉली असा आवाज करत नाही. आबा दारातून म्हणाले, 'वैशू, तुन्ही मायले सांग, ट्रॅक्टर रिकामा उना.' आई ओट्यावर माझी उसाच्या रसाची बाटली भरत होती. 'ऐकलं मी, आबा,' ती म्हणाली. ते निघून गेले होते.

नंतरचे दिवस मला चवीवरून आठवतात. कुणी भांडलं नाही, पण घरात भाजीला मीठ कमी, जास्त, काहीही होऊ लागलं. आई सगळ्यांत शेवटी एकटी जेवायची. आबा तिच्या हातचा चहा घेईनात. मोठी आई बिचारी दुसरा चहा ठेवायची, आणि दोन पातेल्यांतला चहा चुलीवर शेजारी शेजारी उकळायचा. शेतात बोंडं फुटून कापूस लोंबत होता आणि दुपारनंतर आभाळ भरून यायचं. भिजला की तो पिवळा पडणार. मी त्या काळात पिवळेपणाची तज्ज्ञ होते, पण मला कुणी विचारलं नाही. गावातले लोक पारावर आबांना म्हणायचे, काय हो, तुमच्या घरात बाई आहे ना? आबा तिथे जायचे बंद झाले. गोठ्यातून मला हाकही येईना.

माय एका दुपारी आईजवळ येऊन बसली. 'नोकरी सोडी दे,' म्हणाली. रागाने नाही, औषध घे म्हणावं तसं. 'घरमा काय कमी शे? तू घरमा ऱ्हायनी ते तो बोलई. मन्हा पोऱ्या जेवत नहीं.' आई लग्नपत्रिका कापत होती. तिने कात्री खाली ठेवली. ती विचार करते आहे हे मला दिसलं, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. आईची नोकरी म्हणजे मला वाटायचं की तिच्या हाताची बोटं जशी आहेत तशी ती आहे, सुटत नसते. तिने कापलेल्या पत्रिका एकावर एक रचल्या. मग म्हणाली, 'माय, सोडली तर पोरांना वाटेल काट्यामुळे सोडली. तेव्हा आता नाही सोडता येणार.' माय उठली. जाताना कापलेल्या पत्रिकांपैकी एक उचलून लांब धरून पाहिली. 'हाई ते लिलानं लगीन,' ती म्हणाली, आणि खाली ठेवली.

त्यानंतर एक दिवस आबा शहाद्याला गेले आणि नवा काटा घेऊन आले, सरकारी शिक्का मारलेला. कुणाला काही सांगितलं नाही. ट्रॅक्टरवर बसून स्वतः पाड्यावर गेले, असं ते आयुष्यात कधी गेले नव्हते. तिथे काटा उंच धरून म्हणाले म्हणे, 'हाऊ काटा नवा शे. कोनले पारखनं व्हई ते पारखी ल्या.' बायांनी पारखला. आभाळाची काळजी त्यांनाही होतीच. दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरून आली, गाणं म्हणत आली. आईने खिडकीतून ऐकलं, आणि त्या सकाळी ती माझ्या वेण्या घालताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. आबा अजून माझ्यामार्फतच बोलत होते. ते पुढेही, मी लग्न होऊन जाईपर्यंत, माझ्यामार्फतच बोलले. आई मात्र त्या दिवसापासून त्यांना थेट उत्तर द्यायची. मी मधे नुसती उभी.

वर्गातही सगळं पूर्ववत झालं असं वाटलं. पोरं यायला लागली, करडूही यायला लागलं. मग एका शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या आधी, रमिला उभी राहिली.

'बाई, काटा आता खरा आहे.'

'हो,' आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थोडं कौतुक होतं, थोडं स्वतःचंही असेल.

'मग आईला पैसे तेवढेच कसे?'

आईला कळलं नाही. तिने विचारलं, रेट काय देतात. रमिलाने जुना सांगितला आणि नवा सांगितला. नवा कमी होता. काट्यात जेवढं वाढलं होतं, साधारण तेवढंच रेटमधून गेलं होतं. फक्त आमच्याच शेतात नाही, आबा नवा काटा घेऊन आल्यावर आजूबाजूच्यांनीही तोच भाव धरला होता.

आई खुर्चीवर बसली. ती वर्गात कधी बसत नसे. रेट खरा सांगा आणि काटाही खरा ठेवा, हे तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, आबांनी अक्षरशः तसंच केलं होतं, आणि आता त्यांच्याकडे जाऊन काय म्हणायचं? मला तिचं तोंड बघवेना म्हणून मी खाली बघत होते.

'कुणी कमी केला, बाई?' रमिलाने विचारलं. तिला माहीत नव्हतं असं नाही.

'आमच्या घरच्यांनी,' आई म्हणाली.

मग ती उठली. चिंचोक्यांचा डबा काढला, ज्वारीच्या धाटांच्या मोळ्या काढल्या. चौथीचा मोठा गुणाकार त्या वर्षी अजून बराच पुढे होता, आधीचे दोन पाठ बाकी होते, तपासणीला साहेब आले असते तर त्यांनी पाठांची टाचणवही मागितली असती. आईने सगळ्यांना जमिनीवर गोल बसवलं आणि कापूस गुणिले रेट असं करायला लावलं. जुना काटा, जुना रेट. नवा काटा, नवा रेट. मग तिसरं, जे कुणी दिलेलं नव्हतं, नवा काटा आणि जुना रेट. एकेका किलोला एकेक चिंचोका आणि दहा रुपयांना एक मोळी, अशा ओळी थेट व्हरांड्यापर्यंत गेल्या. शाळा सुटायची वेळ टळून गेली. पोरांचे आईबाप बोलवायला आले, ते दाराशी उभे राहून बघू लागले. तिसरं उत्तर आलं तेव्हा रमिलाने ते दोनदा मोजलं. 'घरी दाखव,' आई म्हणाली. रमिलाने विचारलं, दाखवल्यावर काय होईल? आई म्हणाली, 'मला माहीत नाही.'

त्या हंगामात काही झालं नाही. कापूस घरात आला, आबांनी मला गोठ्यात बोलावून जिलबी दिली, मी खाल्ली. ती चांगली लागली, काय करू.

पुढच्या वर्षी पहिल्या वेचणीच्या सकाळी मी पूर्ण बरी होते आणि चुलीजवळ बसून ठेचा खात होते. ट्रॅक्टर वरून आला आणि नेहमीसारखा पाण्याची टाकी आणि काटा घ्यायला आमच्या दारात थांबला. इतर दिवशी तो लगेच निघतो. त्या दिवशी निघेना. इंजिन चालू होतं, ट्रॉलीत बाया बसलेल्या, आणि आबांचा मोठा आवाज ऐकू येत होता. मग बायांपैकी एकीचा, मग परत आबांचा, थोडा खाली आलेला. मधेच एक बारीक आवाज जुन्या रेटचे आकडे म्हणत होता, सावकाश, जपून टाकलेल्या मराठीत.

माय माळवं निवडत होती. तिने कान दिला. 'काय व्हई ऱ्हायनं बाहेर?'

आईने तव्यावरची भाकरी उलटली.

'गुणाकार,' ती म्हणाली.